काटकसर की चिक्कूपणा? लेकीचं बोलणं मनाला लागलंय

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. मन मोकळं करायला लिहितेय, पण खरं उत्तरही हवंय.

बावीस वर्षं एका पगारात घर चालवलं. दोन मुलं, सासूसासरे. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, धडक्या कडा मध्ये आणून जोडायच्या आणि विरलेला भाग गादीखाली जाईल असा कडेला घ्यायचा. आणखी दोन-तीन वर्षं सहज निघतात. मुलाच्या पँटला आतून चांगलं तीन बोटं कापड दुमडून ठेवायचं, उंची वाढली की उसवायचं. याची मला कधी लाज वाटली नाही. कुणाची उसनवारी केली नाही, मुलांची फी एकदाही थकली नाही.

मागच्या रविवारी लेक आली. आजीच्या खोलीत गेली, दोनदा हाक मारली. सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसलेल्या, त्यांना पत्ताच नाही. कानाचं मशीन डबीत. का नाही लावलं विचारलं तर म्हणाल्या, "कुणी बोलायला आलं की लावते गं. सेल उगाच जातो." लेक स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, ही काटकसर नाही. हा चिक्कूपणा आहे."

सासूबाईंना तसं मीच सांगितलं होतं. मशीन नवीन आलं तेव्हा, अगदी सहज. चार वर्षं झाली. कुणी बोलायला आलंय हे त्यांना मशीनशिवाय कळणार कसं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चादरी जोडणारी मीच आणि सेल वाचवणारीही मीच. मग फरक पडला कुठे?

जुनी_वही:
ताई, झळ कुणाला बसते ते बघा. जोडलेल्या चादरीवर सगळेच झोपले, तुम्हीसुद्धा. सेल मात्र वाचला घराचा आणि गप्प बसल्या एकट्या सासूबाई.

उंबरठा:
माझे वडील याच वाटेने फार पुढे गेले होते. घरात साठ वॉटचा जुना बल्ब. तेवढाच उजेड देणारा एलईडी आठ-नऊ वॉटवर चालतो, पण विकत घेताना महाग म्हणून तो शेवटपर्यंत आला नाही. विजेचं बिल दर महिन्याला जातच होतं, ते त्यांना दिसायचं नाही. खिशातून आत्ता किती सुटतंय तेवढंच दिसायचं. दात कोरून पोट भरत नाही, असं आई म्हणायची, तेही हळूच.

काटकसर करणारा माणूस पुढच्या वर्षाचं बघतो. तुम्ही कापड दुमडून ठेवत होता ते मुलाची पुढची उंची धरूनच ना? वडिलांना ते कधी जमलं नाही.

कानोसा:
मी कानाची मशीनं बसवायचं काम करतो, म्हणून फक्त सेलबद्दल. बदलायचे बारीक गोल सेल असतील तर ते बहुतेक झिंक-एअर असणार. वरचा रंगीत स्टिकर काढला की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. त्यानंतर मशीन बंद ठेवलंत तरी तो हळूहळू उतरतच राहतो. स्टिकर परत चिकटवूनही थांबत नाही. म्हणजे दिवसभर मशीन काढून ठेवलंत तरी सेल पुरता वाचत नाही. उलट मशीन जागेपणी जास्तीत जास्त वेळ कानात हवं, तरच मेंदूला त्या आवाजाची सवय होते.

पानगळ:
यावर अभ्यास झालाय. स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी २००८ साली तेरा हजारांहून जास्त लोकांच्या उत्तरांवरून लिहिलं होतं. काही जणांना पैसे सुटतानाच आतून टोचतं, म्हणून ते खर्च टाळतात, आणि स्वतःलाच हवा होता त्यापेक्षा कमी खर्च करून बसतात. काटकसरी माणसाचं तसं नसतं, त्याला वाचवण्यातच आनंद असतो. ताई, चादर जोडताना तुम्हाला बरं वाटायचं, हे तुमच्या लिहिण्यातून कळतं. सेलच्या वेळी काय वाटलं होतं, ते आठवून बघा.

रानवाट:
सगळे ताईंनाच बोलतायत म्हणून लिहिते. पैसा पुरत नसताना हात आखडता घेणं याला चिक्कूपणा म्हणू नये. त्यांनी सांगितलं तेव्हा सेल जड जात असतील. नंतर दिवस पालटले, नियम पालटायचा राहून गेला. मला तरी चूक एवढीच दिसते.

सुईदोरा:
रानवाट, तुम्ही सावरून घेतलंत, पण मशीन आलं तेव्हा मुलगा कमवायला लागला होता. सेल जड नव्हते. पानगळ, आठवून बघितलं. काहीच वाटलं नव्हतं. तोंडातून सवयीने गेलं.

काल सासूबाईंच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हटलं. त्यांनी मान हलवली, मशीन लावलं, नातवाच्या गप्पा तासभर ऐकल्या. रात्री पांघरूण घालायला गेले तर मशीन पुन्हा डबीत. झोपताना काढतातच, त्याचं काही नाही. पण सेल बाहेर काढून ठेवलेला, आणि त्यावर तो रंगीत स्टिकर नखाने दाबून नीट परत चिकटवलेला.

कानोसा, ही सवय कशी मोडायची, तेवढं सांगाल का?