अनुभव धागा: तुमच्या स्विमिंग पुलाचं पाणी कधी हिरवं झालंय?

माडाची_सावली: आज विहिरीच्या पायरीवर सटकन घसरले. लागलं नाही, पण तळव्याला ते बुळबुळीत शेवाळ लागलं आणि चार वर्षांपूर्वीचे गणपती आठवले. गुहागरला घरामागे पूल आहे, सहा बाय तीन मीटर, धरा बावीस हजार लिटर. लाइट गेली, पंप तीन दिवस बंद. गौरी आल्या त्या दिवशी पाणी म्हणजे अळूचं फदफदं! ह्यांनी उघडीप बघून भर दुपारी क्लोरीन ओतलं, ते उन्हानेच खाल्लं. मग पूलवाल्याने शिकवलं. आधी पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ७.२ ते ७.६ मध्ये आणा, भिंती ब्रशने घासा, मग दिवेलागणीनंतर ६५ टक्केवाली क्लोरीन पावडर साडेतीनशे ग्रॅम. बादलीत आधी पाणी, मग पावडर. रात्रभर पंप, सकाळी बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ, पाचव्या दिवशी तळाची फरशी दिसली. तोवर पाहुणे मुंबईला पोचले होते. तुमचंही सांगा.

सुपारीवाला: आमच्या धाकट्याने बोर्डो फवारणीचं उरलेलं मोरचूद टाकलं, अंदाजे. वर क्लोरीन. आत्या तासभर डुंबली आणि तिचे पांढरे केस हिरवट! मोरचूदातलं तांबं केसांना धरतं म्हणे. आत्या अजून त्याच्याशी धड बोलत नाही.

खाडीकाठ: 😂😂 फोटो?

सुपारीवाला: जीव प्यारा आहे.

वेंगुर्ल्याचो: आमच्या पुलात बेडूक इलेत. तेंका काय घालू?

खाडीकाठ: चाय घाल.

चिरेबंदी: आमचं हिरवं नाही, चहासारखं झालं. मी शेवाळ समजून क्लोरीन वाढवत गेलो, तसं आणखी लाल. विहिरीच्या पाण्यात लोह होतं, क्लोरीनने ते गंजासारखं बाहेर पडतं. चिऱ्याच्या जमिनीत विहीर असेल तर आधी पाणी तपासा. माझे दोन डबे फुकट गेले.

दोन_लेकरांची_आई: घाईत लिहितेय, कुकर लावलाय. क्लोरीनच्या गोळ्या आणि पावडर एका मगाने काढू नका!! आमच्याकडे गोळ्यांचा चुरा पावडरीच्या डब्यात गेला आणि भसकन धूर. पेट घेतला असता. आणि नुसत्या गोळ्यांवर राहिलात तर त्यातलं स्टॅबिलायझर (क्लोरीन उन्हाने उडू नये म्हणून घातलेलं) साठत जातं. मग चाचणीत क्लोरीन छान, भिंतीला शेवाळ. आम्ही अर्धं पाणी काढून नवं भरलं तेव्हा सुटलो. शिट्टी झाली, येते.

चिरेबंदी: काढलेलं पाणी कुठे सोडलंत? माझ्या एका पोफळीने तेव्हापासून मान टाकलीय.

सुपारीवाला: पोफळीवरून आठवलं, यंदा फवारणीला चढणारा कोणी मिळाला का कुणाला? आमचा नेहमीचा गोव्याला गेला.

माडाची_सावली: आमच्याकडे येतो एक, पण आधी चहा आणि मग अर्धा तास गप्पा. व्यनि (खाजगी निरोप) करते.