रोममधली सुरुवातीच्या ख्रिस्ती काळातली स्थळं: गाईडसोबतची टूर घ्यावी का? (सल्ला हवाय)

नंदाखालची_लेक

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आई-पप्पा वसईहून आमच्याकडे म्युनिकला येतायत. रोम दाखवायचं नक्की झालंय, चार दिवस हातात आहेत. पप्पा ७१ वर्षांचे, जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. आईचा गुडघा दुखतो. जिने चढते, पण उतरताना हात लागतो.

व्हॅटिकन तर होणारच. पण पप्पांनी फोनवरच बजावलंय, "सोन्याने मढवलेली चर्चं मला शेवटी दाखव. पहिली तीनशे-चारशे वर्षं ही माणसं जमायची कुठे, मेल्यावर पुरायची कुठे, ते आधी दाखव." आता आली का पंचाईत!

शोधल्यावर एका दिवसाची बसची टूर मिळाली: दोन कॅटाकोम (जमिनीखालच्या दफनभूमी), चार चर्चं, दुपारचं जेवण, इंग्रजी गाईड. तिघांचे पैसे बऱ्यापैकी होतात. घ्यावी का? की आपलं आपण फिरावं? आणखी एक. धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर सांगायच्या, छळाच्या काळात ख्रिस्ती लोक कॅटाकोममध्ये लपून राहायचे. ती लपायची जागा दाखवतात का? पप्पा नक्की विचारतील.

अर्धं_तिकीट

घेऊ नकोस. आम्ही अशीच एक टूर घेतली होती, कंपनीचं नाव सांगत नाही. सकाळचा पाऊण तास हॉटेलांहून माणसं गोळा करण्यात गेला. मग एक कॅटाकोम, तिथून बाहेर पडलो की लगेच दुसरं. दुसऱ्यात गेल्यावर माझ्या नवऱ्याने विचारलं, "हे मघाचंच ना?" त्याची चूक नाही. अंधारात एकापाठोपाठ एक बोळ पाहिले की सगळे सारखेच दिसतात. चौथं चर्च गाठलं तर दुपारचं बंद. गाईड बिचारी बंद दारासमोर उभी राहून आत काय आहे ते सांगत होती.

पुणे_तीस

गाईडवर पैसे का घालवायचे? आम्ही पुस्तक वाचून सगळं पाहिलं. गाईड लोक पाठ केलेलं बोलतात.

जांभ्याचा_चिरा

पुणे_तीस, चर्चच्या बाबतीत तुमचं खरं. कॅटाकोममध्ये मात्र एकट्याने सोडतच नाहीत. बोळांची लांबी किलोमीटरमध्ये मोजतात, माणूस हरवला तर शोधायचा कुठे? तिथलाच गाईड गट करून नेतो आणि तो तिकिटातच धरलेला असतो. तिकीट १० युरोच्या आसपास. म्हणजे लेकीने बसच्या टूरमध्ये पैसे भरले, तरी आत गेल्यावर बोलणार तो कॅटाकोमचाच माणूस. जास्तीचे पैसे फक्त बसचे.

आता लपण्याबद्दल. सिस्टरांचा मान राखून सांगतो, तसं नव्हतं. रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत प्रेत पुरायला मनाई होती, म्हणून सगळ्यांचीच दफनं वेशीबाहेरच्या रस्त्यांवर. ख्रिस्ती, ज्यू, बाकीचे, सगळे तिथेच. रोमभोवतीचा दगड ज्वालामुखीचा, मऊ. कोकणातल्यांना पटकन कळेल: आपल्या जांभ्यासारखा, खणताना मऊ आणि वारा लागला की घट्ट. जमीन महाग, पण खाली जायला खर्च कमी. म्हणून बोळ खणायचे, दोन्ही भिंतींत फळ्यांच्या मांडणीसारखे एकावर एक कप्पे पाडायचे, प्रेत कापडात गुंडाळून आत आडवं ठेवायचं आणि विटांनी किंवा संगमरवरी फरशीने तोंड बंद करायचं. दमट अंधारात, प्रेतांच्या शेजारी, कोण किती दिवस राहील?

शिवाय सरकारला पत्ता चांगलाच ठाऊक होता. सम्राट वालेरियनने २५७ मध्ये ख्रिस्ती लोकांना दफनभूमीत जमायलाच बंदी घातली. पुढच्याच वर्षी, ६ ऑगस्ट २५८ ला, पोप दुसरे सिक्स्तुस यांना दफनभूमीतच धरलं आणि मारलं. लपायला ही जागा कसली!

पप्पांना सान कालिस्तोच्या कॅटाकोमला न्या, आप्पिया रस्त्यावर. तिथे पोपांचं दालन आहे, तिसऱ्या शतकातले नऊ पोप तिथे पुरले होते. ते सापडलं कसं, हे इतिहासाच्या मास्तरांना आवडेल. जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी नावाच्या तरुण संशोधकाला १८४९ मध्ये तिथल्या द्राक्षमळ्यात संगमरवराचा एक तुकडा दिसला. त्यावर नावाचा शेवटचा भाग आणि 'मार्टिर' (हुतात्मा) एवढंच. त्याने ताडलं की हे पोप कोर्नेलियुस. पोप नववे पायस यांना गळ घालून तो मळा विकत घ्यायला लावला, खणत राहिला, आणि १८५२ मध्ये त्याच फरशीचा उरलेला भाग सापडला. पोपांचं दालन १८५४ चं.

दालनात फरशा नीट बघा. रोममधले पोप, पण नावं ग्रीक लिपीत, कारण तेव्हा रोमच्या ख्रिस्तसभेची भाषा ग्रीक होती. फाबियान यांच्या फरशीवर नावाशेजारी हुतात्म्याची खूण आहे, ती अक्षरं उथळ आहेत. फरशी बसवून झाल्यावर कुणीतरी नंतर कोरलेली. गाईडने दाखवलं नाही तर विचारा.

आगाशीचा_पाव

जांभ्याचा_चिरा, मस्त! लेकी, पप्पांना एक सांग. मळा विकत घेणारे हे जे नववे पायस, त्यांनीच १८६२ मध्ये आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सिया यांना संत म्हणून घोषित केलं. नागासाकीला १५९७ मध्ये क्रुसावर दिलेले ते. मी पोपांच्या दालनात उभा असताना हे आठवलं आणि उगाच घरच्यासारखं वाटलं.

आमच्या गटात फादर होते. आधी कळवलं होतं, म्हणून आतल्या एका छोट्या चॅपलमध्ये मिस्सा (आमची उपासना) अर्पण करता आली. मिस्सा मराठीत, वर छत इतकं खाली की फादरांनी हात उंचावले तर बोटं टेकतील असं वाटत होतं. तुमच्याबरोबर कुणी फादर येत असतील तर सोडू नका.

तिबेरच्या_काठी

रोममध्ये नऊ वर्षं राहतेय, पाहुण्यांना हाच फेरा घडवते, म्हणून चार गोष्टी.

कॅटाकोम एकच करा. दुसरं करायचंच असेल तर ते वेगळ्या दिवशी, शहराच्या दुसऱ्या टोकाचं प्रिस्चिल्ला. तिथे एका छताच्या कोपऱ्यात मरियामाता आणि कुशीतलं बाळ आहे, शेजारी एक पुरुष ताऱ्याकडे बोट दाखवतोय. तिसऱ्या शतकातलं, मरियेच्या सर्वांत जुन्या चित्रांत गणलं जाणारं. चित्र तळहाताएवढं वाटतं, बॅटरीचा झोत पडल्याशिवाय दिसतही नाही. ते दोन-तीन मिनिटं बघता यावं म्हणूनच बसची घाई नको. प्रिस्चिल्लाची व्यवस्था बेनेडिक्टाईन सिस्टर बघतात.

कॅटाकोमच्या सुट्टीचे वार वेगवेगळे असतात आणि लोक तिथेच फसतात. कालिस्तो बुधवारी बंद, प्रिस्चिल्ला सोमवारी, दोमितिल्ला मंगळवारी. शिवाय हिवाळ्यात प्रत्येक जण काही आठवडे बंद ठेवतो. आप्पियाला ११८ नंबरची बस जाते, पण तिची वाट बघणं हा स्वतंत्र छळ आहे. आईंसाठी टॅक्सी करा.

लहान चर्चं दुपारी साडेबाराच्या सुमाराला बंद होतात आणि तीन-चारशिवाय उघडत नाहीत. अर्धं_तिकीट यांच्या टूरचं तेच झालं असणार. दुपार जेवणात घालवायची हा रोमचा नियम पाळा, भांडू नका.

गाईडचे पैसे घालवायचेच असतील तर ते सान क्लेमेंतेवर घाला. कोलोसियमपासून चालत सात-आठ मिनिटं. वर बाराव्या शतकातलं चर्च. त्याच्या खाली चौथ्या शतकातलं. त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या इमारती आणि रोमन लोक पूजायचे त्या मिथ्रा देवाचं देवालय, बसायचे दगडी कट्टे, मधोमध वेदी. शेकडो वर्षं लोक वरचंच चर्च मूळचं समजत होते. १८५७ मध्ये तिथले आयरिश फादर जोसेफ मुलूली यांनी खणायला घेतलं तेव्हा घोळ कळला. तळाशी गेलात की बोलणं थांबवा. भिंतीपलीकडून पाणी वाहताना ऐकू येतं, अगदी विहिरीच्या काठावर उभं राहिल्यासारखं. पप्पांना हेच पाहायचं असावं. इथे एकटे गेलात तर विटांच्या खोल्या दिसतील. कोणती भिंत कुठल्या काळातली, हे सांगणारा माणूस हवा.

मधल्या मजल्यावर अकराव्या शतकाच्या शेवटचं एक चित्र आहे. सिसिन्नियुस नावाचा बडा माणूस नोकरांना संत क्लेमेंतला बांधून ओढायला सांगतो, आणि ते बावळट संत समजून दगडी खांब ओढत असतात. चित्रातच त्याची शिवी लिहिलीय, लॅटिनमध्ये नाही, बोलीभाषेत. इटालियन बोलीच्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी ही एक, आणि ती चर्चच्या भिंतीवर! मराठीत शब्दाला शब्द लागू पडते, पण इथे लिहिली तर ॲडमिन मला हाकलतील.

नंदाखालची_लेक

बाप रे, हे तर टूरवाल्याने एका ओळीतही लिहिलेलं नाही. पप्पांना शिवीचं सांगितलं, दोन मिनिटं हसत होते. आईचं काय करू पण? तिला खाली उतरवायचं म्हणजे…

गुडघेदुखी_संघटना

माझ्या सासूबाईंचा अनुभव सांगते. कालिस्तोला जिना उतरावाच लागतो आणि तेवढाच चढून यावं लागतं. खाली जमीन ओबडधोबड. वर बसायला झाडं, सावली, शांतता आहे. आम्ही उतरलो, सासूबाई वर बाकावर जपमाळ घेऊन बसल्या आणि त्यांनाच सगळ्यात बरं वाटलं. आईंना नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका.

त्यांच्यासाठी सांता साबिना. आव्हेन्तिनो टेकडीवर, टॅक्सी दारापर्यंत जाते. पाचव्या शतकातलं चर्च, आत फारसं काही भरलेलं नाही, दोन्हीकडे खांब आणि वरच्या खिडक्यांतून येणारा उजेड. तिथलं लाकडी दार बहुतेक लोक चुकवतात, कारण आत शिरायला बाजूची वाट वापरतात. देवडीत जाऊन पाहा. सायप्रसच्या लाकडाचं, चर्चइतकंच जुनं, कोरलेल्या २८ चौकटींपैकी १८ शिल्लक. डावीकडे अगदी वरच्या चौकटीत ख्रिस्त आणि दोन चोर हात पसरून उभे आहेत, पण क्रूस जवळजवळ दिसतच नाहीत. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या सर्वांत जुन्या शिल्पांपैकी एक आणि कोरणाऱ्याला अजून क्रूस दाखवायचा धीर झालेला नाही, असं मला तरी वाटलं. मग शेजारच्या संत्र्यांच्या बागेत बसा.

पुणे_तीस

सांता कोस्तान्झा विसरू नका. चौथ्या शतकातली गोल समाधी, छतावर द्राक्षं तोडणारी, तुडवणारी पोरं. जुने चित्रकार त्याला मद्यदेवाचं देऊळ समजून तिथे प्यायला जमायचे. (आणि हो, कॅटाकोमचं मान्य. आम्ही गेलोच नव्हतो.)

जांभ्याचा_चिरा

हे आवडलं, पुणे_तीस. 😄

लेकी, पप्पांच्या "जमायची कुठे" या प्रश्नाला रोममध्ये सरळ उत्तर नाही. घराघरांत जमायचे, पण बोट दाखवावं असं एक घर इथे नाही. ओळख पटलेलं सर्वांत जुनं प्रार्थनाघर सीरियात, दुरा-एउरोपोसला सापडलं, तिसऱ्या शतकातलं. रोममध्ये त्याच्या जवळ जाणारं म्हणजे चेलिओ टेकडीवरच्या सांती जोव्हान्नी ए पाओलो चर्चखालची रोमन घरं. रंगवलेल्या खोल्या आहेत, सान क्लेमेंतेहून फार लांब नाही.

तिबेरच्या_काठी

सेंट पीटर्सच्या खालच्या उत्खननाचं कुणीच बोललं नाही? १९४० मध्ये सुरू झालेलं. रोमन थडग्यांची अख्खी गल्ली, आणि टोकाला संत पेत्राची कबर मानली जाणारी जागा. व्हॅटिकनच्या उत्खनन कार्यालयाला ईमेल करून परवानगी काढावी लागते: सगळ्यांची नावं, भाषा, चालणाऱ्या तारखा. गट अगदी लहान, दीडेक तास, पिशव्या बाहेर, १५ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. ऑक्टोबरसाठी आजच लिहा. अरुंद आणि दमट आहे, दम लागणाऱ्यांनी जाऊ नये. पप्पांसाठी एवढं एक मिळालं तरी बाकीचं चुकलं तरी चालेल.

मोझॅकवेडा

म्युनिकहून येताय तर राव्हेन्ना! बोलोन्याहून रेल्वेने तासाभरावर. गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीचं निळं छत, सान व्हिताले…

अर्धं_तिकीट

मोझॅकवेडा, प्रत्येक धाग्यावर राव्हेन्ना! चार दिवस आहेत त्यांच्याकडे.

नंदाखालची_लेक

सगळ्यांचे आभार. बसची टूर रद्द. उत्खननासाठी तिघांच्या नावांनी ईमेल काल रात्रीच पाठवला, ज्या दिवशी मिळेल त्याभोवती बाकीचं फिरवणार. एक सकाळ कालिस्तो, टॅक्सीने, बुधवार सोडून. आई वर बाकावर, जपमाळ तिची असतेच. एक सकाळ सान क्लेमेंते, तिथे दोन तासांचा गाईड, मग लांबलचक जेवण, आणि चार वाजता सांता साबिना. प्रिस्चिल्लाचं पप्पांच्या पायांवर सोडलंय.

आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी नाही वर बसणार. एवढ्या लांब येऊन पोपांना न भेटता जाऊ होय?"

गुडघेदुखी_संघटना

मग काठी आणि शाल दोन्ही घ्या. खाली बाराही महिने १५-१६ अंश असतं.