तरुणांना गावात राहावंसं वाटावं म्हणून काय करता येईल? मदत हवी आहे

शिकलेली मुलं गाव सोडून जातात याचं मला फारसं वाईट वाटत नाही. जग बघूच द्यावं. अडतं ते परतण्यापाशी. काम घरून करता येतं, पण राहायला स्वतंत्र घर भाड्यानं मिळत नाही, आणि रिकामी घरं कुलूप लावून पडलेली. शिवाय पंचविशीतल्यांना सभेत खुर्च्या मांडायला बोलावतात, निर्णयाला नाही. (मुलींना तर खुर्च्यांनाही नाही.)

जपानमध्ये २००९ पासून सरकार शहरातल्या लोकांना मानधन देऊन तीन वर्षांपर्यंत खेड्यात कामाला आणतं. मुदतीनंतर बरेच जण तिथेच राहतात. आमच्याकडे तेवढा पैसा नाही. तर बंद घरांचे मालक भाड्यानं द्यायला कशानं तयार होतात? आणि तरुणांच्या हाती खर्चाचा खरा अधिकार कुणी देऊन पाहिलाय का? फसलेले प्रयोगही सांगा.