स्कूबा डायव्हिंगच्या ओपन वॉटर (नवशिक्यांच्या) कोर्समध्ये पहिल्यांदाच सहायक: कुठे थांबायचं, काय बघायचं?

निळीखाडी:
डाइव्हमास्टरचं (इन्स्ट्रक्टरच्या हाताखालच्या मार्गदर्शकाचं) प्रशिक्षण चालू आहे. शनिवारी पहिल्यांदाच इन्स्ट्रक्टरबरोबर सहा नवशिक्यांच्या गटात उतरायचंय. आधी स्विमिंग पूल, मग समुद्रात दोन डाइव्ह. ‘लक्ष ठेव’ एवढीच सूचना मिळाली आहे. पाण्याखाली नेमकं कुठे थांबू आणि कुणाकडे बघू?

तळगाठ:
इन्स्ट्रक्टर ज्याच्याकडून मास्कमधलं पाणी बाहेर काढून घेतोय, तो सोडून बाकीचे पाच जण तुमचे. सगळे त्या एकाकडेच बघत बसतात आणि नेमकं तेव्हाच रांगेच्या टोकाचा माणूस हळूहळू वर तरंगायला लागतो. सहायकाकडून सर्वात जास्त होणारी चूक हीच.

गटाच्या मागे, किंचित वरच्या पातळीवर थांबा. तिथून सगळ्यांचे बुडबुडे दिसतात. नियमित बुडबुडे म्हणजे ठीक. फार भराभर येत असतील तर माणूस घाबरलाय. थांबलेच असतील तर त्याने श्वास धरलाय, आणि ते जास्त वाईट. समोरून दिसत असेल तर डोळेही बघा; मास्कमागे ते मोठे झाले की पळ काढण्याआधीचे काही सेकंदच हातात असतात.

मास्क पूर्ण काढायचा सराव असेल तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या हातभर अंतरात या. नाकात पाणी गेलं की बहुतेक जण तडक वर जायला बघतात.

आणि शिकवू नका. इन्स्ट्रक्टरने एक खूण केली आणि तुम्ही मागून दुसरी केलीत, की विद्यार्थी गोंधळतो.

उथळकिनारा:
वरचं सगळं पटतं. एक भर: कुणी वर पळालाच तर त्याला खाली दाबून धरू नका. श्वास धरलेला माणूस वर जाताना फुप्फुसातली हवा फुगते. 10 मीटरवर दाब 2 बार (बार हे दाबाचं एकक) असतो, पृष्ठभागावर 1. म्हणजे तेवढ्यातच हवेचं आकारमान दुप्पट. म्हणून सर्वात धोकादायक शेवटचे 10 मीटर, आणि स्विमिंग पूलही त्यातच आला. अडवण्याच्या झटापटीत तो श्वास आणखी घट्ट धरतो, रेग्युलेटरही (ज्यातून श्वास घेतो ते तोंडातलं साधन) निसटू शकतो.

त्याऐवजी एका हाताने त्याचा बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) किंवा सिलिंडरचा व्हॉल्व्ह पकडा, दुसऱ्याने बीसीडीतली हवा सोडा, स्वतःचे फिन्स आडवे पसरून वेग कमी करा. रेग्युलेटर तोंडात आहे ना आणि बुडबुडे निघताहेत ना, हे बघत त्याच्याबरोबर वर जा. तुमचा स्वतःचा श्वासही चालू ठेवा, हे घाईत विसरलं जातं. वर आल्यावर आधी त्याचा बीसीडी फुगवा, बोलणं नंतर.

निळीखाडी:
मी एकाबरोबर वर गेलो तर बाकीच्यांचं काय? आणि उतरण्याआधी काय तपासू?

तळगाठ:
ते पाण्यात ठरवायचं नसतं. ब्रीफिंगनंतर इन्स्ट्रक्टरला तीन गोष्टी विचारून घ्या: कान मोकळे होत नाहीत म्हणून कुणी मागे राहिला तर त्याच्याबरोबर कोण थांबणार, एखादा वर गेला तर बाकीच्यांना जागीच ठेवणार की सगळे वर येणार, आणि सिलिंडरमध्ये किती बार हवा उरली की परत फिरायचं. प्रशिक्षणार्थी म्हणून तुमच्या भरवशावर गट सोपवायला संस्थेचे नियम परवानगी देतात का, हेही त्यांनाच माहीत असणार.

तपासणीत व्हॉल्व्हवर विशेष लक्ष. विद्यार्थ्याला रेग्युलेटरमधून चार मोठे श्वास घ्यायला लावा आणि सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघा. श्वासागणिक काटा खाली पडून परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह जेमतेमच उघडलाय. पृष्ठभागावर काही जाणवत नाही, खोलवर हवा कमी पडते.

उथळकिनारा:
खाली जाता यावं म्हणून अंगावर लावलेल्या वजनाकडेही बघा. पृष्ठभागावर उभं तरंगताना बीसीडी रिकामा, श्वास साधारण अर्धा, तर पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. पण भरलेल्या सिलिंडरमधली हवाच दोन-अडीच किलो असते आणि ती संपत जाते, म्हणून डाइव्हच्या सुरुवातीला बरोबर वाटणारं वजन शेवटी, वर येताना 5 मीटरवर घ्यायच्या सुरक्षा-थांब्यावर कमी पडतं. खिशात एक-एक किलोची दोन वजनं आणि एक जादा मास्क ठेवा. केस मास्कच्या रबराखाली अडकून पाणी शिरत असतं, तेही उतरण्याआधीच बघून घ्या.