स्पीकरमधून सतत घूंऽऽ आणि स्स्स येतंय, रियाजाला बसवत नाही

काळीचार:
नमस्कार, महिनाभर हैराण झालेय. माझा मिरजेचा तंबोरा गावी आईकडे आहे म्हणून इथं फ्लॅटवर पहाटे डेस्कटॉपवरच तानपुरा लावते. नवीन २.१ स्पीकर घेतले तेव्हापासून मागे सतत घूंऽऽ, वरून बारीक स्स्स, आणि माउस हलवला की किर्रकिर्र. गाणं लावलं की कळत नाही पण नुसत्या तानपुऱ्यावर षड्ज लावायला गेलं की कान त्या घूंकडेच जातो. एकानं सांगितलं प्लगची अर्थची पिन काढून टाका, बंद होईल. काढू का?

जुनारेडिओ:
ताई, पिन अजिबात काढू नका!! उद्या कॅबिनेटमध्ये करंट उतरला तर तीच पिन वाचवणार आहे. घूं म्हणजे बहुतेक ग्राउंड लूप. कॉम्प्युटरला एक अर्थ, स्पीकरकडे दुसरं, आणि ऑक्स वायरीतून (कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरला नेणारी वायर) ते दोन्ही परत जोडले जातात, मग त्यांच्यात थोडासा व्होल्टेजचा फरक असला तरी वायरीतून करंट फिरतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तोच मोठा करून ऐकवतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून घूं ५० नाहीतर १०० ची असते. १०० म्हणजे पेटीच्या पांढरी पाच पट्टीच्या सुराच्या किंचित वर, तुम्ही नावाप्रमाणे त्याच्या शेजारच्या काळी चारला गात असाल तर तो सूर धड इकडे ना तिकडे, त्रास होणारच. ऑक्सची पिन कॉम्प्युटरमधून काढा, स्पीकर चालूच ठेवा. घूं गेली तर लूप, राहिली तर स्पीकरच्या आतच काहीतरी आहे. काढलेल्या पिनेच्या टोकाला बोट लावू नका, अंगामुळेही घूं येते आणि मग भलतंच वाटतं.

सोल्डरिंगवाला:
स्स्सचं वेगळं. स्पीकरचा नॉब फुल आणि विंडोजचा व्हॉल्यूम २०-३० वर आहे का? उलटं करा, विंडोज ९० आणि नॉब लागेल तेवढाच, कारण अ‍ॅम्प्लिफायर जितका उघडाल तितकी त्याची स्वतःची आणि साउंड कार्डची खरखर वर येते. आणि माउसची किर्रकिर्र पुढच्या जॅकला लावलं असेल तर होते, त्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आत सगळ्या गर्दीतून जाते. मागच्या हिरव्या जॅकला लावून बघा, तरी आली तर छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या.

काळीचार:
दोघांचेही खूप आभार. नॉब खरंच फुल होता, आता स्स्स कान अगदी जवळ नेल्याशिवाय येत नाही, मागच्या जॅकवर किर्रही गेली. ऑक्स काढली की घूं पण बंद. दादा तुम्ही लूप म्हणालात म्हणून दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले, कमी झाली पण आहेच.

जुनारेडिओ:
कॉम्प्युटरला अजून काय काय जोडलंय? टीव्ही आहे का, आणि त्याला केबलवाल्याची गोल वायर?

काळीचार:
हो, एचडीएमआयनं टीव्ही, टीव्हीमागे केबलचा सेटटॉप बॉक्स. आत्ता एचडीएमआय काढली आणि एकदम शांत!! पंधरा मिनिटं बसून ऐकलं.

जुनारेडिओ:
तेच. केबलची वायर बाहेरून आपलं वेगळंच अर्थ घेऊन घरात येते, त्यामुळे एक बोर्ड करूनही लूप राहिला. रियाजाच्या वेळी एचडीएमआय काढून ठेवा. कायम लागणार असेल तर ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाकता येतो, आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, पण स्वस्तातल्यानं खालचे सूर पातळ होतात, तानपुऱ्यासाठी ऐकल्याशिवाय घेऊ नका. आणि इलेक्ट्रिशियनकडून घरातलं अर्थिंग एकदा तपासून घ्याच.

काळीचार:
आयसोलेटर नको, वायर काढूनच बसेन. आज पहाटे खर्जाच्या तारेची जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, नीट ऐकू आली, महिन्यानंतर पहिल्यांदा. इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय.