हर्नियाचं साधं ऑपरेशन, मग आठवडाभर अँटिबायोटिक कशाला?

सातपूरकर:
वडिलांचं ऑपरेशन झालं. पू नाही, ताप नाही, तरी डिस्चार्ज कार्डावर ७ दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच सांगून ठेवलंय की संसर्ग टाळायला दिलेलं अँटिबायोटिक ऑपरेशन संपल्यावर चालू ठेवू नका. चीर देताना औषध अंगात भिनलेलं असलं की झालं. पुढच्या गोळ्यांनी पोटातले जंतू तेवढे औषधाला निर्ढावतात. नाशकात ही पद्धत बंद व्हायला हवी.

दिंडोरीवाला:
शहरात बसून बोलायला काय जातंय! इथून पेशंट एसटीने पेठ-सुरगाण्याला जातो. घरी गोठा, धूळ. जखम चिघळली तर परत येण्यात मजुरी बुडते, आणि नातेवाईक कॉलर धरतात डॉक्टरची. त्याने गोळ्या लिहिल्या तर काय बिघडलं?

ओटी सिस्टर:
दादा, गोठ्याची धूळ गोळीने अडत नाही, स्वच्छ ड्रेसिंगने अडते. जंतू बहुतेक वेळा टेबलावरच आत शिरतात, आणि तेही पेशंटच्याच कातडीवरचे. खरं काम चीर देण्याआधीचं. अजून कितीतरी ठिकाणी आदल्या रात्री वस्तऱ्याने केस काढतात. त्याने बारीक ओरखडे पडतात, त्यात जंतू वाढतात. काढायचेच तर क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) काढा. साबणाने आंघोळ, कातडीला स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडिन (जंतू मारणारं औषध), आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन चीर देण्याआधी, वेळेवर. शुगर ताब्यात हवी. पेशंटचं अंग गार पडू द्यायचं नाही, पण एसी सर्जनच्या सोयीने चालतो (हे बोललं की ओरडा ठरलेला).

दिंडोरीवाला:
मग पुतण्याचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा ऑपरेशननंतरही इंजेक्शनं चालू होती, ती उगाच का?

ओटी सिस्टर:
नाही हो. तिथे पोटात आधीच पू होता, तो उपचार. कोर्स लागतोच. आणि सातपूरकर, हे वाचून वडिलांच्या गोळ्या मनाने बंद करू नका. सर्जनला विचारा, कशासाठी दिल्यात.

मेडिकलवाला:
२०१४ पासून शेड्यूल एच-१ (कडक नियमाने विकायच्या औषधांची सरकारी यादी) आहे, त्यातल्या अँटिबायोटिकची विक्री रजिस्टरला नोंदवावी लागते. तरी लोक जुनी चिठ्ठी पुढे करतात. नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात.

दिंडोरीवाला:
ताई, अर्धं पटलं. पण गोळी न देणाऱ्या डॉक्टरने लाली, सूज, ताप, पू यातलं काही दिसलं तर कुणाला फोन करायचा ते कार्डावर लिहून द्यावं. फोन उचलावाही. नाहीतर आमचा माणूस गावच्या दुकानातून गोळी घेणारच.