वेल-बीइंगला आपल्याकडे काय म्हणतात? (यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडचे शब्द हवेत)

पीएचडीवाली :
नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय, खरं तर शब्दापेक्षा विचारायची पद्धत हवीय. माझं पीएचडीचं काम मानव-संगणक संवाद या विषयात चालू आहे, म्हणजे माणसाचं आणि मोबाइलचं एकमेकांशी कसं जमतं किंवा जमत नाही ते बघायचं, आणि त्यात माझा भाग म्हणजे मन बरं राहावं म्हणून बनवलेली ॲप्स. ही ॲप्स शहरातल्या, एकट्याचा फोन असलेल्या, इंग्रजी वाचणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून बनलेली असतात आणि मला ती कापूस-सोयाबीनच्या गावात कशी चालतील ते बघायचंय. आता अडचण अशी की ॲप उघडल्यावर पहिला स्क्रीनच विचारतो की तुमचं वेल-बीइंग कसं आहे.

मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची (डब्ल्यूएचओची) एक पाच वाक्यांची प्रश्नावली जगभर वापरतात, डब्ल्यूएचओ-५ म्हणतात तिला, १९९८ पासूनची आहे. मागचे दोन आठवडे आनंदात गेले का, शांत निवांत वाटलं का, अंगात हुरूप होता का, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या जगण्यात मन रमेल असं काही होतं का, एवढंच विचारायचं. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज २५ पर्यंत, तिला ४ ने गुणलं की शंभरापैकी आकडा मिळतो. दिसायला सोपं आहे पण भाषांतराच्या कागदांवर याला स्वास्थ्य, कल्याण, सुस्थिती, निरामयता असं काय काय लिहिलेलं दिसतं आणि यातला एकही शब्द मी चावडीवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तुमच्याकडे काय म्हणतात ते सांगा, वऱ्हाडीत असेल तर फारच छान.

आर्वीचे गुरुजी :
ताई, प्रश्न चांगला काढला. एकेक शब्द घेऊ. कल्याण तर अजिबात वापरू नका, आपल्याकडे कल्याण म्हटलं की समाजकल्याण, महिला व बालकल्याण, म्हणजे योजना. माणूस लगेच सरसावून बसतो, आणि मग तुमचं कल्याण कसं चाललंय विचारलं तर तो वाईटच सांगणार, काही मिळत असेल तर नाव सुटायला नको म्हणून, आणि त्यात त्याची काही चूक नाही. निरामय हे दवाखान्याच्या पाटीवरचं. स्वास्थ्याचं तर त्याहून अवघड आहे, मूळ शब्द सुंदर, स्वतःत स्थिर असलेला तो स्वस्थ, जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ ला लागू झालेल्या घटनेतली व्याख्या (नुसता रोग नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, शरीर मन आणि समाज तिन्हीकडून बरं असणं) मराठीत सांगायची तर हाच शब्द पहिला सुचतो, पण बोलण्यात स्वस्थ बसणे म्हणजे काही न करणे. ऐन वेचणीत बाईला तुम्ही स्वस्थ आहात का विचारलं तर ती म्हणेल स्वस्थ बसायला वेळ कुठाय.

जुना शब्द खुशाली. पत्रात लिहायचो आम्ही, इकडे सर्व खुशाल आहे. पण त्यात सगळ्या घराची, गुराढोरांची, पावसापाण्याची खुशाली येते, एकट्याची वेगळी नाही. तुमच्या ॲपला एकट्याची पाहिजे ना.

माझं म्हणणं ऐकाल तर नाम शोधूच नका, क्रियापद घ्या. आपल्या भाषेत हे सगळं लागणे या क्रियापदावर उभं आहे. भूक लागते, झोप लागते, डोळा लागतो, मन लागतं, माणसात जीव लागतो. बिघडलं की घोर लागतो, कोणाचं बोलणं जिवाला लागतं. यातलं काहीच माणूस ठरवून करत नाही, ते त्याला होतं. अन्न गोड लागतं का, एवढं विचारलं तरी अर्धी हकीकत कळते.

आशाताई, कळंब तालुका :
गुरुजींचं पटलं. मी घरोघरी फिरते म्हणून सांगते, मानसिक हा शब्द बी टाळा. मानसिक आरोग्याबद्दल विचारायला आले म्हटलं की घरचे म्हणते आमच्या घरी कोनी येडं नाई. "तो मानसिक हाय" असं बोलते लोक, म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला. तान-तनाव पुस्तकातलं, टेन्शन मात्र म्हाताऱ्या बाया बी म्हणते, पण टेन्शन हाय म्हणजे निस्तं दुःख नाई, कर्जाचं, पोरीच्या लग्नाचं, काई ना काई कारण असते मागं. कारण नसताना जे आतून खात राह्यते त्याले म्हणते "मले गमत नाई". तुमच्या पुण्याकडचं करमत नाही ना, ते. गमत नाई म्हटलं की मी तिथंच बसते, चाय घेते, मग हळूहळू निंगते. जीव घाबरते, हातपाय गळून जाते, डोक्यात इचार थांबत नाई, हे बी त्यातलंच, अन बाया ते बीपी म्हणून सांगते.

अजून एक गोष्ट, फोन कोनाचा हाय ते पाहा आधी. घरात एक मोठा फोन, तो पोराजवळ नाईतर मालकाजवळ. सासूसमोर सुनेनं "मन रमलं नाही" वर बोट ठेवावं असं वाटते का तुमाले? आवाजात विचारलं तर आखीन कठीन, साऱ्या घराले ऐकू येते. अन कोनी मरायच्या गोष्टी बोलली तर ॲपनं निस्तं चेहऱ्याचं चित्र दाखवून थांबू नये, १४४१६ नंबर हाय टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, २०२२ पासून, मराठीत बोलते, तो तरी समोर यावा, अन माणूस पाठवावा.

मोर्शीवाला :
झोपेच्या प्रश्नावर माझं ऐका. ताजंतवानं उठता का म्हणे. रब्बीत लाइन (वीज) रात्रीची असली की ओलीत रात्रीच करावं लागते, अन पीक उभं असलं की रोही-डुकरांसाठी जागल. चार महिने अर्ध्या गावाचे पुरुष पहाटे येऊन पडते. त्यायले विचारलं तर सारे ० देईन, अन तुमचा कम्प्युटर म्हणेल गावाचं मन बिघडलं. मन बिघडलं की लाइन बिघडली हे वेगळं काढा बावा. "जागल नसली त्या रात्री झोप लागते का" असं विचारून पाहा. अन दोन आठवडे म्हणू नका, मागच्या दोन बाजारांपासून म्हणा, बाजाराचा वार बरोबर ध्यानात राह्यते लोकांच्या.

पीएचडीवाली :
किती मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी! दोन बाजार तर मी घेतेच. एक अडचण मात्र राहते, मान्य प्रश्नावलीचे शब्द आपल्या मनाने बदलले तर दुसरीकडच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. म्हणून ती आहे तशी ठेवून तिच्या बाजूला तुमच्या शब्दांतले प्रश्न वेगळे विचारायचे आणि दोन्हींची उत्तरं कुठे फाटतात ते बघायचं असं ठरवतेय, मला तर वाटतं खरं संशोधन त्या फाटण्यातच आहे. जागलीचा महिना वेगळा नोंदवणार. आणि सुनेचा फोन हा प्रश्न भाषेचा नाही, ॲपच्या रचनेचा आहे, तिथे बोट ठेवायच्या आधी तुमच्यासारखी ताई बसायला हवी. विदर्भातच विश्राम नावाच्या कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी हे केलं होतं, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत गेलं, ते ॲपने नाही, माणसांनी.

आमच्या विषयात रायन आणि डेसी या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतावर बरंच उभं आहे, माणसाला स्वायत्तता, क्षमता आणि आपलेपणा या तीन गोष्टी लागतात असं ते म्हणतात. गुरुजींचं धोरण लावून मी असं केलंय : आपल्या मनानं करता येतं का, जमते का, आपलं कोणी आहे का. चालेल?

आता शेवटचं अडलंय. उत्तरांत एक पर्याय आहे, "अर्ध्यापेक्षा जास्त वेळ". हे कसं म्हणायचं?

मोर्शीवाला :
पैसेवारीसारखं म्हणा ना, सरकार पीक किती आलं ते रुपयातल्या पैशात सांगते तसं, पन्नास पैशाच्या वर का आत. शेतकऱ्याले लगेच समजते.

आर्वीचे गुरुजी :
नको नको. पैसेवारी पन्नासच्या आत आली की सवलती येतात, सगळे आतच सांगतील, म्हणजे पुन्हा कल्याणच झालं. जुन्या माणसांना रुपयातले किती आणे हे चालेल, पोरांना आणे कळणार नाहीत.

आशाताई, कळंब तालुका :
सरळ दिवस विचारा ताई. दोन बाजारांचे चौदा दिवस, त्यातले किती दिवस गमलं? साताच्या वर सांगतले तर अर्ध्याच्या वर. बाया बोटावर मोजून सांगते, मी पाह्यते रोज, तारखा बी तशाच सांगते त्या.